थोर कोण, निराशा कोणाची?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा एकच अट घातली होती. ऑफिसच्या कामाबद्दल बोलायचं नाही. मागच्या मेळाव्यात म्हणे एकाने पाऊण तास क्लाऊड समजावून सांगितला आणि मसालेभात गार झाला. म्हणून मी आज क्रिकेटवर बोलणार आहे.

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली दिसते आहे. ‘ही? आणि क्रिकेट?’ हो, मीच. आपल्या वेळी शाळेच्या संघात मुलींच्या हाती बॅट कोणी देत नव्हतं, पण खेळाच्या सरांना स्वच्छ अक्षराचं कोणीतरी हवं होतं. त्यामुळे आठवी ते दहावी शाळेचं स्कोअरबुक माझ्या ताब्यात होतं. तुमच्यापैकी कोण कितीवर बाद झाला, ते मला तुमच्यापेक्षा जास्त नीट आठवतं. घाबरू नका, आज मी ते वाचणार नाही.

आजचा विषय वादाचा आहे आणि वाद व्हावा अशीच इच्छा आहे. आपल्या संघाच्या सगळ्या काळांतला सर्वांत थोर खेळाडू कोण आणि सर्वांत निराशा करणारा कोण?

पण त्याआधी, आपला संघ कोणता? शाळेत असताना हा प्रश्न कोणी विचारला असता तर निम्म्या मुलांनी ‘मुंबई’ म्हटलं असतं. सचिन मुंबईचा, म्हणून आपण मुंबईचे. खरं तर नाशिक जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत येतो. एका राज्यात रणजीचे तीन संघ आहेत, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. त्यातला तिसरा आपला. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा. आपण दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१. त्यानंतर एकदाही नाही. शेवटचा करंडक आला तेव्हा माझे आजोबा अर्ध्या चड्डीत होते.

ज्या गोल्फ क्लबच्या मैदानाभोवती आपण सायकल शिकलो, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथे महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. २०२५ च्या जानेवारीत बडोद्याविरुद्धचा सामना तिथेच झाला आणि आपण तो जिंकलो. तुमच्यापैकी किती जण बघायला गेला होता? हात वर करू नका, सरांसमोर लाज वाटेल.

आता वाद घालायचा तर नियम ठरवून घालायला हवा. दोन यंत्रांची तुलना करताना आम्ही दोघांवर सारखाच भार टाकून बघतो. इथे ते शक्य नाही. १९४९ च्या मार्चमध्ये पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांची उपांत्य लढत झाली. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २,३७६ धावा! प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात एवढ्या धावा त्याआधी कधी झाल्या नव्हत्या आणि नंतरही झालेल्या नाहीत. आपण दोन्ही डावांत मिळून १,०११ धावा केल्या आणि तरी ३५४ धावांनी हरलो. ज्याने ते स्कोअरबुक भरलं असेल त्याच्या बोटांची मला काळजी वाटते. त्या खेळपट्टीवरचं शतक आणि आजचं शतक एका तराजूत कसं घालणार? म्हणून प्रत्येकाला त्याच्या काळातल्या लोकांशेजारी उभं करायचं, एवढंच आपण करू शकतो.

माझा मुख्य नियम मात्र वेगळा आहे. महाराष्ट्राची टोपी डोक्यावर असताना काय केलं, तेवढंच धरायचं. भारतासाठी काय केलं किंवा दुसऱ्या संघात गेल्यावर काय केलं, ते त्या त्या खात्यावर. हा नियम नसेल तर वाद दोन मिनिटांत संपतो. सर्वांत जास्त कसोट्या कोण खेळला ते बघायचं आणि घरी जायचं.

या नियमाचा पहिला फटका विजय हजारे यांना बसतो. सांगलीचा माणूस. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. संघ विजेता, हजारे पंचविशीच्या उंबऱ्यावर. आणि मग ते गेले बडोद्याला. म्हणजे ज्या संघाला धुतलं त्याच संघात. त्या काळी संस्थानांकडे नोकरी होती, मान होता, खेळायला सवड होती. त्यांना दोष देता येत नाही. पण पुढचं सगळं, म्हणजे १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर केलेली ५७७ धावांची भागीदारी, ते बडोद्याचं. ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं, १९५२ मध्ये मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय आणि त्या संघाचं कप्तानपद, ते देशाचं. आपल्याकडे उरतात ती सुरुवातीची वर्षं.

आणि हे एकट्या हजाऱ्यांचं नाही. चेतन चौहान पुण्यात घडला आणि दिल्लीला गेला. सलील अंकोला सोलापूरचा. महाराष्ट्राकडून पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध हॅट्ट्रिक, वर्षभरात कराचीला सचिनबरोबर एकाच दिवशी कसोटी पदार्पण, मग मुंबईचा संघ. हृषीकेश कानिटकरचं सर्वांत जास्त लागतं. ढाक्यात सकलेनला मारलेला तो चौकार आपण सगळ्यांनी १९९८ च्या जानेवारीत पाहिला. पुण्याचा हा मुलगा, त्याचे वडील हेमंत कानिटकरही महाराष्ट्राचे आणि भारताचे. त्याने २०१०-११ मध्ये कप्तान म्हणून रणजी करंडक उचलला, पुढच्या वर्षी पुन्हा उचलला, पण राजस्थानसाठी. आपण सत्तर वर्षं ज्याची वाट बघत होतो ते आपल्याच घरातला मुलगा परक्या घरी दोनदा करून आला. याला निराशा म्हणायचं असेल तर ती कोणी कोणाची केली, हे आधी ठरवावं लागेल.

हे बोलताना मला समोर कोण बसलंय ते दिसतंय. आपल्यातले बरेच जण पुण्यात आहेत, काही बंगळुरूला, काही त्याहून लांब. माझाच नियम आपल्याला लावला तर नाशिकच्या खात्यावर आपली फक्त दहावीपर्यंतची धावसंख्या जमा होईल. माझी तर तीही शाळेच्या स्कोअरबुकापुरती. पण नियम करताना हे लक्षात होतं, आणि तरी मी तो बदललेला नाही.

मग उरतं कोण? उरतात प्राध्यापक देवधर.

दिनकर बळवंत देवधर. जन्म १८९२, पुणे. एस. पी. कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. आपल्या संस्कृतच्या बाई इथे आहेत, त्यांना हे ऐकून बरं वाटेल. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे. रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४ मध्ये, तेव्हा बेचाळीस. म्हणजे ज्या वयात बाकीचे बॅट माळ्यावर टाकतात त्या वयात या माणसाची स्पर्धा सुरू झाली. कसोटी एकही नाही. पण महाराष्ट्राचे दोन्ही करंडक त्यांच्या कप्तानपदाखाली आले. पहिला पुण्यात, संयुक्त प्रांतांच्या संघाला दहा गडी राखून हरवून. दुसरा मद्रासला जाऊन, मद्रासलाच सहा गडी राखून हरवून. त्याच दुसऱ्या हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. वय ४८. पुढे १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं, १०५ आणि १४१. वय ५२.

परवा मी पार्किंगमध्ये वाकून पडलेली किल्ली उचलली आणि दोन दिवस पट्टा बांधून बसले. म्हणून हे आकडे मी दोनदा वाचले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईच्या गोलंदाजांपुढे उभं राहून अडीचशेच्या जवळ जायचं म्हणजे नुसतं कौशल्य नाही, त्यात दिवसभर पळावं लागतं. आणि संघातली बाकीची मुलं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी कल्पना करून बघावी. देवधर १०१ वर्षं जगले, १९९३ मध्ये गेले. त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा पुढे देशभर खेळली गेली. गंमत म्हणजे हजाऱ्यांच्याही नावाची आहे. देशातल्या दोन मोठ्या एकदिवसीय स्पर्धांना ज्यांची नावं आहेत ते दोघे एकाच महाराष्ट्र संघात खेळलेले. आपल्या कपाटात मात्र दोनच करंडक.

आता माझे विरोधक म्हणतील, निंबाळकर कुठे आहेत? येते तिकडेच.

भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. हेही बरेच संघ फिरले, पण त्यांची ती खेळी महाराष्ट्राचीच. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. काठियावाड २३८ मध्ये संपला. मग कमल भांडारकरांबरोबर निंबाळकरांनी ४५५ धावांची भागीदारी केली, भांडारकर २०५ वर बाद झाले, आणि निंबाळकर थांबलेच नाहीत. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा. नऊ धावा हव्या होत्या बरोबरीला, दहा पुढे जायला. मधली सुट्टी झाली आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की आता पुरे, आमच्या संघाची शोभा होते आहे. त्यांनी सामना सोडून दिला आणि गाडी पकडून संघ घरी गेला.

हे चारशे त्रेचाळीस आजही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च धावसंख्या आहे. पंचाहत्तरपेक्षा जास्त वर्षं झाली. सचिन, लक्ष्मण, सेहवाग येऊन गेले. आणि निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. २०२२ पर्यंत चारशेच्या पुढे जाऊन कसोटी न मिळालेला जगात दुसरा फलंदाज नव्हता.

खेळी म्हणून सर्वांत थोर तीच, यात माझ्या मनात शंका नाही. पण खेळाडू म्हणून? एका दुबळ्या संघाविरुद्धचे पावणेदोन दिवस आणि सलग दोन वर्षं करंडक यांत मी करंडक निवडते. यावर कोल्हापूरकर जावई असलेले आपले एक वर्गमित्र मला जेवताना गाठणार आहेत, मला माहीत आहे.

या गोष्टीला एक जोडगोष्ट आहे आणि ती मला मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडते. ऑक्टोबर २०१६, वानखेडे, समोर दिल्ली. महाराष्ट्राचा कप्तान स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८. तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी. आठवा, भारतातला आधीचा विक्रम हजारे आणि गुल महंमद यांचा ५७७. म्हणजे आपल्याकडून निघून गेलेल्या हजाऱ्यांनी केलेला विक्रम सत्तर वर्षांनी महाराष्ट्राच्याच दोन मुलांनी मोडला. संगकारा आणि जयवर्धने यांचा विश्वविक्रम ६२४ चा. बरोबरीला तीस धावा कमी. दोघेही खेळपट्टीवर, दोघेही नाबाद. आणि गुगळेने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला.

१९४८ मध्ये समोरच्या कप्तानाने विक्रम हिसकावून नेला. २०१६ मध्ये आपल्याच कप्तानाने तो टेबलावर ठेवून दिला, का तर गोलंदाजांना वेळ मिळावा. ऋषभ पंतने मग त्रिशतक ठोकलं आणि दिल्ली ५९० पर्यंत गेली. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाची आघाडी आपल्याला मिळाली. काही जण याला मूर्खपणा म्हणतात. मी स्कोअरबुक भरणारी बाई आहे, मला विक्रमाची किंमत कळते, आणि तरीही मी गुगळेच्या बाजूने आहे. दिल्ली ५९० करते म्हटल्यावर ती वाया घालवली नाहीत तेवढीच षटकं कामाची होती.

गोलंदाजांवर फार वेळ घालवत नाही, कारण पुण्याच्या खेळपट्ट्यांनी त्यांच्यावर फार दया केली नाही. एक नाव मात्र घेते, वसंत रांजणे. १९५६-५७ मध्ये सौराष्ट्राविरुद्ध रणजी पदार्पणात एका डावात ३५ धावांत ९ बळी. पुढे सात कसोट्या. आज हे नाव इथे किती जणांना माहीत होतं?

चंदू बोर्डे माझ्या यादीत दुसरे. ५५ कसोट्या, ३,०६१ धावा, ते सगळं देशाच्या खात्यावर. पण मधली काही वर्षं बडोद्याला खेळून ते परत आले आणि कारकीर्द संपेपर्यंत महाराष्ट्रासाठी खेळले. जाणारे पुष्कळ, परत येणारे थोडे. त्यासाठी मी त्यांना दोन गुण जास्त दिले आहेत. हे नियमात बसत नाही, पण स्कोअरबुक माझ्याकडे आहे.

आता निराशा.

पहिली निराशा माणसाची नाही, संघाची आहे. १९७०-७१ चा अंतिम सामना. मुंबईशी, ब्रेबॉर्नवर. लक्षात घ्या त्या वेळी मुंबईचे कोण कोण हजर नव्हते. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड. सगळे वेस्ट इंडीजला, तीच ती ऐतिहासिक मालिका जिंकायला. मुंबईची धुरा सुधीर नाईककडे, बाकी उरलेली आणि नवी पोरं. आपल्याकडे बोर्डे, हेमंत कानिटकर. अशी संधी तीस वर्षांत आली नव्हती. आपण ४८ धावांनी हरलो. त्या हंगामात ती जुनी म्हण खरी ठरली, मुंबईचा दुसरा संघही बाकीच्यांच्या पहिल्या संघाला भारी. पुढे १९९२-९३ चा अंतिम सामना पंजाबविरुद्ध गेला, २०१३-१४ चा कर्नाटकविरुद्ध. पण त्या दोन वेळी समोरचा संघ पूर्ण होता. १९७१ ला सबब नाही.

व्यक्तींकडे वळले की माझी जीभ अडखळते. कारण महाराष्ट्राच्या बाबतीत ‘निराशा’ हा शब्द बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने फेकला जातो. शंतनू सुगवेकर घ्या. १९८८-८९ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध नाबाद २९९. नाबाद! समोरचे सगळे बाद झाले, एक धाव राहिली. संपूर्ण कारकिर्दीत सरासरी साठीच्या पुढे. सुरेंद्र भावे, तोही तसाच, हंगामामागून हंगाम धावांचे ढीग. पुढे तो राष्ट्रीय निवड समितीवर बसला. म्हणजे इतरांना भारताची टोपी देणाऱ्या टेबलाशी पोहोचला, पण ती टोपी त्याला स्वतःला कधी मिळाली नाही. आपण शाळेत होतो तेव्हा हे दोघे धावा करत होते आणि आपण त्यांची नावं पेपरातल्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात वाचून पान उलटत होतो. यांनी कोणाची निराशा केली?

अंकोलाचं प्रकरण शरीराचं. नडगीच्या हाडाच्या दुखण्याने अठ्ठाविसाव्या वर्षी क्रिकेट संपलं. पहिल्या सामन्यातली हॅट्ट्रिक बघितली की वाटतं, हा महाराष्ट्राला दहा वर्षं पुरला असता. तो मला यादीत चुटपुट लावणारा वाटतो. निराशा करणारा नाही.

मग सगळे जण विजय झोलचं नाव घेतात. जालन्याचा डावखुरा. २०११ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, १९ वर्षांखालील स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१. निंबाळकरांपेक्षा आठ जास्त, अर्थात मुलांच्या क्रिकेटमध्ये. २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कप्तान. त्याच वर्षीच्या जानेवारीत वानखेडेवर आपण मुंबईला रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत हरवलं, तेव्हा त्याची नाबाद ९१ आणि केदार जाधवची नाबाद १२०. अडीचशेचा पाठलाग, आणि तोही मुंबईत जाऊन! तो दिवस महाराष्ट्राच्या माणसाने फ्रेम करून लावावा असा. पुढे झोल भारताच्या मोठ्या संघापर्यंत पोहोचला नाही. म्हणून तो ‘निराशा’.

मला हे पटत नाही. आपल्या वेळी बोर्डाची गुणवत्ता यादी असायची. प्रत्येक वर्गात एक जण असा असायचा ज्याच्याबद्दल सगळी शाळा म्हणायची, हा बोर्डात येणार. आपल्याही वर्गात होता. तो आला नाही. साडेतीन गुण कमी पडले, आणि त्या सुट्टीत लोक त्याच्या घरी भेटायला गेले ते कोणी आजारी असल्यासारखे. तो आज इथे आहे, मजेत आहे, तिसऱ्या रांगेत हसतो आहे. सतराव्या वर्षी दुसऱ्यांनी केलेल्या भविष्यवाणीची वसुली मी कोणाकडून करणार नाही. झोलने वानखेडेवर ते काम करून दाखवलं, महाराष्ट्राच्या टोपीत. माझ्या वहीत तो पास आहे.

केदार जाधवबद्दल थोडं. त्याला लोक चेन्नईच्या पिवळ्या कपड्यांतल्या २०२० च्या आयपीएलवरून ओळखतात आणि त्यावरून थट्टा करतात. २०१३-१४ च्या रणजीत त्याने १,२२३ धावा केल्या, सहा शतकांसह, आणि संघाला वीस वर्षांनी अंतिम सामन्यात नेलं. त्याआधी उत्तर प्रदेशविरुद्ध त्रिशतक केलं होतं. माझ्या नियमाने केदार थोरांत येतो, पहिल्या पाचांत. ऋतुराज गायकवाड अजून खेळतो आहे, त्याचा निकाल आत्ता लावायचा नाही. पण २०२२ च्या नोव्हेंबरात एका षटकात सात षटकार मारले, नो-बॉल धरून, आणि तेही हजाऱ्यांच्या नावाच्या स्पर्धेत, महाराष्ट्रासाठी. स्कोअरबुकात त्या एका षटकाच्या चौकोनात सात वेळा सहा कसं बसवायचं, हा प्रश्न मला ते बघताना पडला होता.

म्हणजे व्यक्ती म्हणून सर्वांत निराशा करणारा कोण, तर मी कोणालाच त्या जागी बसवलेलं नाही. ती जागा १९७१ च्या त्या सामन्याला दिली आहे, अकराही जणांना मिळून.

आता शेवटचं, आणि इथे मी मार खाणार आहे.

बापू नाडकर्णी. जन्म ४ एप्रिल १९३३, नाशिक. आपल्या गावचा. १२ जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध. सलग २१ षटकं निर्धाव. १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. पूर्ण पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. ज्यांनी कधी स्कोअरबुक भरलं आहे त्यांना माहीत असेल, निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून आपण इंग्रजी एम काढतो. असे एकवीस एम एकामागे एक. मी ते एकदा वहीच्या मागच्या पानावर काढून बघितले होते. रांगोळी दिसते. सरावाला चेंडू पडायच्या जागी नाणं ठेवून ते त्यावर टाकत, असं सांगतात. आणि नुसतं रोखणं नव्हे, त्याच मालिकेत कानपूरला सामना वाचवायला नाबाद ५२ आणि नाबाद १२२.

पण १९६४ मध्ये बापू मुंबईचे होते. १९६० च्या सुमारास त्यांनी महाराष्ट्र सोडला. त्याआधी १९५१-५२ पासून ते आपल्याकडे खेळले, कसोटी पदार्पण केलं तेही महाराष्ट्राचे असताना, दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध, नाबाद ६८. नियमाप्रमाणे एवढीच आठ-नऊ वर्षं आपल्या हाती लागतात. आणि ती एकवीस षटकं लागत नाहीत.

नाशिकच्या शाळेत, नाशिकच्या लोकांसमोर उभं राहून नाशिकच्या कसोटीपटूला पहिला नंबर न देणं म्हणजे काय, ते मला कळतं. काल रात्री मी यादी पुन्हा लिहिली. ‘जन्मगाव’ असा एक रकाना वाढवला तर बापू थेट वर जातात, हेही करून बघितलं. मग तो रकाना खोडला. तसं केलं तर मला हजारेही परत घ्यावे लागतील, कानिटकरचे दोन करंडकही मागून आणावे लागतील, आणि मग आपण कपाटात दोनाचे चार मांडून बसू.

तेव्हा माझी यादी अशी आहे. पहिले देवधर, दुसरे बोर्डे, तिसरे निंबाळकर, चौथा सुगवेकर, पाचवा केदार जाधव, सहावा भावे. सातव्या क्रमांकावर बापू नाडकर्णी, मधल्या फळीत खेळायला आणि एक बाजू बंद करायला. महाराष्ट्राकडची त्यांची वर्षं तेवढी नक्की भरतात.

खेळाचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मघापासून मान हलवत आहेत. सर, तुमच्या मते बापू कितवे?